चिठ्ठ्यांचा डबा

सोमवार ते शनिवार मी शाळेत विज्ञान शिकवायचे आणि रविवारी, सकाळच्या मिस्सानंतर, चर्चमागच्या लांबट खोलीत धर्मशिक्षण. मुलं बरीचशी तीच. पुनरुत्पादनाचं प्रकरण आलं की शनिवारी ज्या बाकांवर खसखस पिकायची, तिथलेच चेहरे रविवारी हात जोडून समोर बसलेले. एका वर्गात मी फळ्यावर फलन, गर्भाशय, अंडपेशी लिहायचे आणि दुसऱ्या वर्गात दहा आज्ञा. मधली भिंत पुष्कळ वर्षं मीच सांभाळली. शाळेत कोणी धर्माचं विचारलं तर म्हणायचे, रविवारी विचार. रविवारी कोणी शरीराचं विचारलं तर, शाळेत बघू. म्हणजे कुठेच नाही.

आमच्या वसई पट्ट्यात कॅथलिक घरातल्या मुलांना पहिल्या कम्युनियनपासून दृढीकरणापर्यंत धर्मशिक्षण चुकत नाही. माझ्या लहानपणी त्यासाठी एक पातळ पुस्तिका असायची, प्रश्नोत्तरी. प्रश्न छापलेले, उत्तरंही छापलेली, आमच्या वाट्याला फक्त पाठांतर. मी नऊ-दहा वर्षांची असताना सहाव्या आज्ञेपाशी अडले आणि सिस्टरना विचारलं, "व्यभिचार म्हणजे काय?" त्या म्हणाल्या, "मोठी झालीस की कळेल." संध्याकाळपर्यंत ही बातमी वाडीतल्या तीन घरांत पोचली होती आणि रात्री आईने मला जेवताना विचारलं की हे तुला कोणी शिकवलं. मी म्हणाले, प्रश्नोत्तरीने. त्यावर तिला हसू आलं असावं, कारण ती एकदम उठून चुलीकडे गेली.

त्यामुळे 1990 साली मला नववी-दहावीचा रविवारचा वर्ग मिळाला तेव्हा सहावी आज्ञा मी कशी शिकवली असेल, याचा अंदाज करता येईल. वीस मिनिटांत. डोळे मागच्या भिंतीवर.

पहिली अडचण शब्दाची होती. चर्च ज्याला लॅटिनमध्ये 'कास्तितास' म्हणतं, त्याला मराठीत चपखल शब्दच नाही. ब्रह्मचर्य म्हणावं तर मुलं म्हणायची, "ते सिस्टर लोकांसाठी असतं ना, टीचर?" बरोबरच आहे. निर्धनता, ब्रह्मचर्य, आज्ञापालन ही त्यांची तीन व्रतं. शील म्हणावं तर तो शब्द आपण फक्त बाईला लावतो. पुरुषाचा शीलभंग झाल्याचं मी कधी वाचलेलं नाही. शुचिता म्हटलं की सोवळं-ओवळं आलं. मग आम्ही सगळे 'शुद्धता' वापरतो. प्रवचनांत तोच, प्रार्थनांत तोच.

आणि या शब्दाने फार नुकसान केलं, असं मला आता वाटतं. शुद्ध तूप, शुद्ध पाणी. एकदा भेसळ झाली की झाली, मग फेकून द्यायचं. मुलांच्या मनात शुद्धता ही अशी एक वस्तू होऊन बसते. ती आपल्याकडे असते, ती सांभाळायची असते आणि एक दिवस ती हरवते किंवा कोणीतरी नेतं. 1992 साली आलेल्या कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथात मात्र हे असं नाही. तिथे म्हटलंय की माणसाचं लैंगिक अंग त्याच्या साऱ्या व्यक्तित्वात नीट सांधलं जाणं म्हणजे हा सद्गुण. तो रोज कमवायचा, वाढवायचा, कधी चुकायचं, पुन्हा उठायचं. आणि तो बाप्तिस्मा झालेल्या प्रत्येकाचा आहे. लग्न झालेल्यांचाही, माझा आणि माझ्या नवऱ्याचाही. हे वाचलं तेव्हा मी चाळिशीला आले होते. इतकी वर्षं मी मुलांना ऐवज सांभाळायला शिकवत होते आणि पुस्तक बोलत होतं एका कौशल्याबद्दल.

1998 मध्ये वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला. त्यानंतर दोन-तीन वर्षांत आमच्या धर्मग्रामात एक तरुण फादर आले. ते एकदा वर्गाच्या दारात उभे राहून माझी वीस मिनिटं ऐकून गेले. नंतर चहा पिताना म्हणाले, "टीचर, शाळेत मुलाने प्रश्न विचारला की तुम्हाला आनंद होतो ना? मग इथे का भीती वाटते?" मी म्हणाले, इथे उत्तर चुकलं तर मार्क जात नाहीत, आत्मा जातो. ते हसले आणि मला थॉमस अक्वायनसची पद्धत सांगू लागले. तेराव्या शतकातला हा डॉमिनिकन साधू प्रत्येक मुद्दा मांडताना सुरुवात करतो ती आपल्या मताने नव्हे, विरोधकाच्या मताने. विरोधकाच्या बाजूने जितके बळकट मुद्दे सापडतील तितके आधी लिहायचे, मग आपलं म्हणणं, मग एकेका मुद्द्याला उत्तर. "देव आहे का, या प्रश्नालासुद्धा त्याने पहिलं वाक्य 'नसावा असं दिसतं' अशाच अर्थाचं लिहिलंय," फादर म्हणाले. "आणि तुम्ही दहावीच्या पोरांना घाबरता."

पुढच्या रविवारी मी घरातला बिस्किटांचा पत्र्याचा डबा घेऊन गेले. सगळ्यांना सारखे कागदाचे तुकडे, सारख्या पेन्सिली. नाव लिहायचं नाही. प्रश्न नसेल तर कोरी चिठ्ठी घडी करून टाकायची, पण टाकायची प्रत्येकाने. एकतीस मुलं होती. घरी येऊन डबा उघडला तर बावीस चिठ्ठ्या कोऱ्या, एकीवर सचिन तेंडुलकरची सही आणि आठ प्रश्न.

त्यातला एक अजून लक्षात आहे: 'रात्री झोपेत जे होतं ते पाप असतं का? मी तीन महिने कम्युनियन घेतलं नाही.'

तीन महिने. दर रविवारी रांग पुढे सरकताना हा मुलगा काहीतरी कारण काढून बाकावर बसून राहिला असणार. आईने विचारलं असणार, त्याने पोट दुखतं म्हटलं असणार. आणि उत्तर किती सोपं होतं! विज्ञानाची टीचर म्हणून ते मी दोन वाक्यांत देऊ शकत होते: वाढत्या वयात शरीराकडून हे आपोआप होतं, झोपेत इच्छा काम करत नाही. धर्माची टीचर म्हणूनही देऊ शकत होते, कारण नेमका हाच प्रश्न अक्वायनसने घेतलेला आहे आणि झोपेत विवेक मोकळा नसतो म्हणून ती गोष्ट स्वतःहून पाप नव्हे, असाच त्याचा निर्वाळा आहे. साडेसातशे वर्षं उत्तर तयार होतं. मुलापर्यंत पोचलं नव्हतं, कारण मध्ये मी होते.

डबा चालू राहिला. एक रविवार चिठ्ठ्या, पुढचा रविवार उत्तरं. माहीत नसेल तर तसं सांगायचं, हा नियम मी स्वतःला घातला होता आणि तो पाळताना सुरुवातीला जीभ जड व्हायची. मुलं मात्र भराभर सुटली. व्यभिचारात पकडलेल्या बाईला येशूसमोर आणतात, तो प्रसंग योहानाच्या शुभवर्तमानात आहे. दर वर्षी आम्ही त्यातून क्षमा शिकवतो. एका चिठ्ठीत फक्त एवढंच होतं: 'तो पुरुष कुठे गेला?' मी लेवीय काढून दाखवलं, तिथे शिक्षा दोघांनाही सांगितलेली आहे. मग वर्गात अर्धा तास तोच विषय. त्याच सुमारास कमिटीतल्या काही मंडळींना चर्चच्या दाराशी मुलींच्या कपड्यांबद्दल फलक लावायचा होता. डोंगरावरच्या प्रवचनात येशू वासनेच्या नजरेबद्दल बोलतो तेव्हा जबाबदारी बघणाऱ्याच्या डोळ्यावर टाकतो, हे मुलांनी नुकतंच वाचलं होतं. एका मुलाने विचारलं, "मग टीचर, नियम बाह्यांना का?" फलक शेवटी लागला, पण त्यावर 'सर्वांनी' असं लिहिलं गेलं.

(माझी सून अहिल्यानगरकडची, प्रोटेस्टंट घरातली. तिच्याकडे हीच आज्ञा सातवी. लग्न ठरलं तेव्हा आमच्याकडच्या एक आजी कुजबुजल्या, त्यांनी एक आज्ञा वाढवली की काय. वाढवलेली नाही, मोजण्याची रीत वेगळी आहे.)

आता ज्या चिठ्ठीबद्दल खरं तर लिहायचं आहे तिच्याकडे येते.

6 जुलै हा संत मारिया गोरेत्तीचा सण. इटलीतल्या नेत्तूनोजवळ राहणारी गरीब शेतमजुरांची मुलगी. 1902 साली, वय अकरा. त्याच घरात राहणाऱ्या वीस वर्षांच्या आलेस्सांद्रोने तिच्यावर जबरदस्तीचा प्रयत्न केला, तिने विरोध केला, त्याने तिला चौदा वार करून भोसकलं. दुसऱ्या दिवशी ती गेली, जाताना त्याला क्षमा करून. 1950 साली पोप पायस बारावे यांनी तिला संत घोषित केलं तेव्हा तिची आई समारंभाला हजर होती. ही गोष्ट मी दर जुलैला सांगायचे, जशी मला सांगितली गेली तशीच: तिने मरण पत्करलं पण शुद्धता सोडली नाही. वर्गातल्या मुली ऐकताना अगदी गप्प असत. मला वाटायचं, भारावल्या आहेत.

2013 च्या जुलैत डब्यात चिठ्ठी निघाली. मोठी, सुटी अक्षरं, ओळख लागू नये म्हणून मुद्दाम काढलेली. 'ती वाचली असती आणि तिला सोडवायला कोणी आलं नसतं, तर ती संत झाली नसती का?'

मी ती वाचली आणि स्वयंपाकघरातच बसून राहिले. ज्या मुलीला हा प्रश्न पडला तिला माझ्या गोष्टीतून काय ऐकू येत होतं, ते मला तेव्हा ऐकू आलं. वाचलीस तर तू त्या मेलेल्या मुलीपेक्षा कमी. बावीस-तेवीस वर्षं मी ही गोष्ट सांगत होते. किती मुलींना सांगितली, हिशेब करू नये.

तरुण फादर तोवर बदलून गेले होते. मी त्यांना फोन केला. ते म्हणाले, ऑगस्टीनचं 'देवाचं नगर' काढा, पहिला खंड. 410 साली गॉथ टोळ्यांनी रोम लुटलं तेव्हा ख्रिस्ती स्त्रियांवर, व्रतस्थ कुमारिकांवरही बलात्कार झाले होते. लोक विचारत होते, या बायका जगल्या कशा? जुन्या रोमची आदर्श बाई होती लुक्रेशिया, जिने अत्याचारानंतर स्वतःला संपवलं. ऑगस्टीन म्हणतो, हा सद्गुण मनाचा आहे. मनाने संमती दिली नसेल तर दुसऱ्याने शरीराशी काहीही केलं तरी तो जात नाही. पाप करणाऱ्याचं. त्या स्त्रिया जगल्या यात लाजण्यासारखं काही नाही.

सोळाशे वर्षांपूर्वीच्या बिशपने इतकं स्वच्छ लिहिलेलं आणि आमच्या प्रवचनांत मात्र शुद्ध तूप! पण मी पुढेही वाचलं, आणि पुढे तोच ऑगस्टीन म्हणतो की त्यांच्यातल्या काहींना आपल्या पावित्र्याचा छुपा गर्व असेल, म्हणून कदाचित देवाने हे होऊ दिलं. ते वाचून पुस्तक मिटलं. संत असो की बिशप, हे मला मान्य नाही, आणि ज्या मुलीने चिठ्ठी लिहिली तिला मी हे पान दाखवणार नाही. पौलाने थेस्सलनीकाकरांना सगळं पारखून चांगलं तेवढं धरायला सांगितलंय. मी ऑगस्टीनला पारखलं. सोळाव्या प्रकरणापासून पुढची पानं धरली, अठ्ठाविसावं सोडलं.

पुढच्या रविवारी मी आधी माफी मागितली. म्हणाले, मारियाची गोष्ट मी चुकीची सांगत आले. ती संत आहे ती तिच्या धैर्यामुळे आणि क्षमेमुळे. आलेस्सांद्रोचा हेतू पुरा झाला असता आणि ती जगली असती तरी तिच्यातलं तसूभरही कमी झालं नसतं. ती विरोध करू शकली नसती, भीतीने गोठून गेली असती, तरीही नाही. मग फळ्यावर 1098 लिहिलं, लहान मुलांच्या मदतीचा फोन. पॉक्सो कायदा आदल्या वर्षीच, 14 नोव्हेंबरला लागू झाला होता. त्यातलं साध्या शब्दांत सांगितलं: अठराच्या आतल्या मुलाला कोणी असं काही केलं तर दोष मुलाचा कधीही नसतो, आणि हे ज्या मोठ्या माणसाला कळलं त्याने गप्प बसणं गुन्हा आहे. मलाही लागू, फादरनाही लागू, हेही सांगितलं. खोलीत पंख्याचा आवाज तेवढा होता. त्यानंतर वर्ग संपला की मी आणि समुपदेशन करणाऱ्या एक सिस्टर तासभर त्या खोलीत दार उघडं ठेवून बसायचो. पूर्ण वर्षभर बसलो.

कोणी आलं नाही.

ती कोण होती, मला आजही माहीत नाही. नुसती शंका असेल, निव्वळ हुशार मुलीचा हुशार प्रश्न असेल. मी तसं स्वतःला समजावते आणि मला ते पटत नाही.

त्या वर्षी दोन पालक तक्रार घेऊन आले. मुलांना नको ते सांगते. 2007 मध्ये राज्य सरकारने शाळांतलं लैंगिक शिक्षण थांबवलं तेव्हा जी वाक्यं ऐकली होती तीच इथे ऐकली. त्याच्याही आधी, 1925 साली, र. धों. कर्व्यांना संततिनियमनाच्या प्रचारापायी विल्सन कॉलेजातली गणिताची प्राध्यापकी सोडावी लागली. ते तर ख्रिस्ती मिशनरी कॉलेज. कर्व्यांची पुष्कळ मतं मला मान्य होणारी नाहीत, पण माणसाला बोलू न देण्याची आपली परंपरा सर्वधर्मीय आहे एवढं खरं.

विचार करायला शिकवायचं म्हणजे फक्त चर्चला प्रश्न विचारायला शिकवायचं, असा एक समज असतो. तो अर्धवट आहे. 2016 च्या सप्टेंबरनंतर मोबाइलवरचं इंटरनेट स्वस्त झालं आणि वर्षभरात डब्यातल्या प्रश्नांची भाषा बदलली. आधी मुलं शरीराबद्दल विचारायची, आता स्क्रीनवर पाहिलेल्या गोष्टींबद्दल. 'सगळेच बघतात, मग आपणच का नाही?' ही चिठ्ठी तर दर वेळी. मी म्हणायचे, विज्ञानात असं चालतं का? सगळे म्हणत होते सूर्य पृथ्वीभोवती फिरतो. मग विचारायचे, यात पैसा कोण कमावतं? जिला दाखवलंय तिला कोणी विचारलं होतं का? तिला भाऊ असेल का? मुलं इथे खूप वेळ गप्प व्हायची. शुद्धतेच्या नावाने जे मला कधी सांगता आलं नाही ते इथे सहज सांगता आलं: माणूस ही वापरायची वस्तू नाही, दुसऱ्यासाठी नाही आणि स्वतःसाठीही नाही. यावर माझा विश्वास आहे, पूर्ण. चाळीस वर्षांच्या संसारात तो कमी झालेला नाही.

म्हणूनच त्या शिबिराचा राग आला. तरुणांच्या शिबिराला बाहेरून एक वक्ते बोलावले होते, बोलायला फर्डे. त्यांनी चिकटपट्टीचा तुकडा घेतला, एका मुलाच्या हाताला लावला, काढला, दुसऱ्याच्या लावला, असं पाच-सहा जणांच्या हातांवरून नेऊन शेवटी भिंतीला लावला. पट्टी गळून पडली. टाळ्या. मी मागे बसले होते. रविवारी वर्गात मी उपमेवरच तास घेतला. उपमा कुठवर धावते आणि कुठे लंगडी होते? पट्टी गोंदाने चिकटते, माणूस कशाने? पट्टीला पश्चात्ताप होतो का? एक मुलगा, त्याच शिबिराला गेलेला, म्हणाला, "टीचर, तसं असेल तर कबुलीची खोली बंद करून टाकायला हवी." मी वक्त्यांना दोन पानी पत्र लिहिलं. उत्तर आलं नाही.

लग्नाआधीच्या वर्गांतही मला बोलावत, निसर्गपद्धती शिकवायला, कारण शरीरशास्त्र माझं. तिथे मोठी मुलं, नोकरी करणारी, विरार लोकलमध्ये घामेजून आलेली. त्यांना मी चर्चची भूमिका तिच्या कारणांसकट सांगायचे: संबंधातलं प्रेम आणि नव्या जिवाची शक्यता यांची माणसाने फारकत करू नये. आणि हेही सांगायचे की 1968 सालच्या 'हुमाने विते' या परिपत्रकाआधी पोपनीच नेमलेल्या आयोगात बहुमत कृत्रिम साधनांच्या बाजूने झुकलं होतं, आणि पोप पॉल सहावे यांनी ते न स्वीकारता वेगळा निर्णय दिला. एक वरिष्ठ फादर म्हणाले, "टीचर, इतकं सांगायची गरज आहे का?" मी म्हणाले, ते मोबाइलवर वाचणारच आहेत, आपल्याकडून आधी कळलं तर बाकीचंही ऐकतील. ते काही बोलले नाहीत, पण पुढच्या तुकडीला मला बोलावलं.

2017 मध्ये मी रविवारचा वर्ग सोडला. गुडघे. डबा एका तरुण टीचरला दिला, तीही विज्ञानाची. तिने तो रंगवून घेतला, मला न विचारता, पिवळा केलाय.

तुमच्या धर्मग्रामात, मंडळीत, किंवा धर्म कोणताही असो, जिथे मुलांना 'चांगलं वागा' म्हणून बसवता तिथे असा डबा ठेवणार असाल तर दोन गोष्टी सांभाळा. पेन्सिली सगळ्यांना सारख्या द्या, शाईवरून मूल ओळखू येतं. आणि चिठ्ठी प्रत्येकाला टाकायला लावा, कोरी का असेना. फक्त प्रश्न असलेल्यांनीच उठून यायचं म्हटलं, तर जिला खरोखर विचारायचंय ती जागची उठणार नाही.